आमच्या विहीणबाईंचं लॉन

आमच्या विहीणबाईंसारखी बाई गंगेच्या अल्याड नाही आणि पल्याडही नाही. गंगा म्हणजे आमच्या नाशिकची गोदावरी. त्या गेल्या म्हणून हे म्हणतोय असं नाही. जिवंत होत्या तेव्हाही तोंडावर म्हणायचो, आणि तेव्हा ते काही कौतुक नसायचं. शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं लॉनवर बसून गोखरू वेचत होतो. हे लॉन म्हणजे कुत्र्यांना पट्टा काढून मोकळं सोडायचं मैदान. गोखरूचा काटा कुत्र्याच्या पंजात गेला की तो लंगडतो, म्हणून वेचायचे. त्या एका कडेने, मी दुसऱ्या कडेने, मध्ये एक जुना डबा. गुडघे दोघांचेही गेलेले, त्यामुळे उठायचं नाही, बसल्याबसल्या सरकायचं. रस्त्याने जाणारा मोटरसायकलवाला थांबला. म्हणाला, "आजी, काय हरवलं का?" विहीणबाई म्हणाल्या, "अक्कल. या बाबांची. तुला सापडली तर आणून दे." तो गाडीला किक मारून पळाला. त्या दिवशी यापेक्षा मोठं काही झालं नाही.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीची सासू. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा लोकांनी मला फार घाबरवलं होतं. मुलाची आई देवळाली कॅम्पातली आहे, लष्कराच्या बिगुलावर उठणारी, मानपानात काही कमी पडलं तर मांडव डोक्यावर घेईल, असं जो तो सांगायचा. मी सायखेड्याकडचा माणूस, चौथीपर्यंत शाळा, आयुष्यभर टेम्पोने भाजी मार्केटला नेली. मला मानपानातलं काय कळतंय? म्हणून एक साडी जास्तीची घेऊन ठेवली. झालं असं की अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली, आणि मुलाची आई जागेवर नाही! भटजी थांबले. आमच्याकडच्या बायकांत कुजबूज सुरू झाली, रुसली बरं का, रुसली. मी ती साडी काखेत मारून शोधायला निघालो. सापडल्या कुठे, तर आचाऱ्याच्या चुलीमागे. शालू कमरेला खोचलेला, हातात पुऱ्यांची टोपली, आणि समोर गल्लीतली सगळी कुत्री रांगेत बसलेली. रांगेत म्हणजे खरंच रांगेत. मी ओरडलो, "अहो विहीणबाई, अक्षता पडायच्या राहिल्यात!" त्या मागे न बघता म्हणाल्या, "शेवटच्याला वाढते आणि येते. पंगत अर्धी टाकून उठू नये, व्याही." मी लालबुंद झालो. बायको मात्र चिडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "लय चांगलं घर मिळालं पोरीला. जी बाई कुत्र्याला रांगेनं वाढते, ती सुनेला उपाशी ठेवायची नाय." आणि तसंच झालं. बायकोचा माणसांचा अंदाज कधी चुकला नाही. माझ्या बाबतीत चुकला असेल तर ती बोलली नाही.

आमच्याकडेही एक कुत्रा होता, म्हणजे आहे. गावठी, पिवळट, एक कान उभा एक पडलेला. एक दिवस दारात येऊन उभा राहिला. बायकोने भाकरी टाकली आणि म्हणाली, पाव्हणा आहे, खाऊन जाईल. त्याचं नाव पाव्हणाच पडलं. तो गेला नाही. बायको गेली. नंतर भेटायला सगळे आले, देवाची मर्जी म्हणून, चहा पिऊन गेले. विहीणबाईंनी देवाचं नाव काढलं नाही. मला खालपासून वरपर्यंत बघितलं, पाव्हण्याला बघितलं आणि म्हणाल्या, "कुत्रा सुटलाय आणि तुम्ही वाळलात. म्हणजे तुमची भाकरी तो खातोय. उद्यापासून दोघं घराबाहेर." मी म्हटलं, "बाहेर कुठं? रस्त्यावर गाड्या, दर गल्लीत दुसरी कुत्री, बागेत कुत्र्याला बंदी." हे त्यांच्या डोक्यात राहिलं. बाईंच्या डोक्यात एखादी गोष्ट राहिली की ती तिथून कोणाच्या तरी कामाच्या रूपानेच बाहेर पडायची.

मखमलाबाद रोडला एक लग्नाचं लॉन बंद पडलं होतं. आजूबाजूला झुंबरांची आणि एसीची कार्यालयं झाली, मग या साध्या गवतावर कोण लग्न लावणार? स्टेज होतं, स्टेजवर नवरा-नवरीचा लाल सोफा होता, आणि कुंपण शाबूत होतं. मालकाला आम्ही शेठ म्हणतो. सकाळी फिरायला निघालेल्या शेठना विहीणबाईंनी रस्त्यात गाठलं. मी पाव्हण्याला धरून मागे उभा होतो.

"शेठ, तुमचं लॉन रिकामं आहे."

"आहे."

"आमच्याकडे वऱ्हाड आहे."

"बरं! तारीख कुठली?"

"रोजची."

शेठ हसले. पण हसले तरी व्यापारीच. त्यांच्या पोराला तिथे गोडाऊन काढायचं होतं, ते त्यांनी तिथेच सांगितलं. म्हणाले, "बाई, भाडं नको, कागद नको. एकच अट. रोज सकाळी सहाला दार उघडं पाहिजे. मी याच रस्त्याने जातो, मला दिसतं. जागा बंद राहिली की आधी कचरा पडतो, मग टपरी बसते, मग भांडण. ज्या सकाळी मला कुलूप दिसलं, त्या सकाळी मी पोराला हो म्हणणार." विहीणबाई म्हणाल्या, "कुलूप दिसायचं नाही." आणि दिसलं नाही. दिवाळी असो, पाडवा असो, ताप असो, सहाला दार उघडं. नातवाच्या बारशाच्या दिवशीसुद्धा आधी दार उघडलं, मग पाळण्याची दोरी धरली.

हे चालवायचं कसं, यासाठी त्यांनी आसपासच्या कुत्रेवाल्यांची बैठक घेतली. बोलावणं हळदीकुंकवासारखं, घरोघर जाऊन. माणसं आली, आणि जितकी माणसं तितकी मतं. एक बँकेतून रिटायर झालेले साहेब होते, त्यांचा लॅब्राडोर त्यांच्यापेक्षा शांत. साहेबांनी नियमांचा बोर्ड इंग्रजीत लिहून आणला होता, खालपर्यंत भरलेला. विहीणबाईंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "साहेब, छान आहे. पण कुत्री वाचणार नाहीत आणि माणसं पाळणार नाहीत." मग त्यांनी लग्नघरासारखी कामं वाटली. एकाकडे पाणी, एकाकडे झाडलोट, एकाकडे कुंपणाची जाळी, साहेबांकडे मानपान. मानपान म्हणजे काय हे साहेबांना कळलं नाही, पण खातं मिळाल्यावर ते खूश झाले. नियम दोनच ठेवले. ज्याच्या कुत्र्याने घाण केली त्याने उचलायची. आणि कुत्र्यांचं भांडण लागलं तर आधी माणसांना मैदानाबाहेर काढायचं. दुसरा नियम मला वेडेपणा वाटला होता. पण मी डोळ्याने बघितलंय, मालक आरडाओरडा करत बाहेर गेले की कुत्री एकमेकांकडे बघतात, अंग झाडतात आणि आपापल्या कामाला लागतात.

उद्घाटनाचं सांगायलाच पाहिजे. ते आमच्यासारख्या लोकांनाच सुचू शकतं. नारळ फोडायचा ठरला होता, तो फोडला. पेढे वाटले. सगळ्यांनी आपापल्या कुत्र्यांचे पट्टे सोडले, कुत्री एकमेकांना हुंगायला लागली, बायका म्हणाल्या, किती गोड! आणि त्याच वेळी शेठच्या माणसाने फाटकात फटाक्यांची भलीमोठी माळ लावली. लॉनवर कुठलंही कार्य निघालं की माळ लावायची, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. त्याला वाटलं आपण विसरत होतो, बरं झालं आठवलं. मग काय विचारता! एवढी जनावरं एका क्षणात नाहीशी झाली. फाटक उघडंच होतं. लॅब्राडोर स्टेजखाली सापडला, तो बाहेर यायला तयार होईना म्हणून साहेब आत गेले, मग साहेबांना बाहेर काढावं लागलं. एक पग मुदपाकखान्यातल्या मोठ्या पातेल्यात बसला होता. एक गृहस्थ धापा टाकत कुत्रा घेऊन परत आले, तो त्यांचा नव्हता. पाव्हणा सरळ घरी जाऊन उंबऱ्यावर बसला होता, दार बायको उघडेल अशा बेताने. विहीणबाई मात्र मैदानाच्या मधोमध उभ्या. माळ संपली, धूर खाली बसला, तेव्हा त्या म्हणाल्या, "चला, एक कळलं. दारं दोन पाहिजेत." तिथे एक लोखंडी स्वागत कमान गंजत पडली होती. ती कापून आतल्या बाजूला दुसरं दार केलं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मधल्या जागेला त्या ओसरी म्हणायच्या.

आणि त्या ओसरीवर बघण्याचा कार्यक्रम व्हायचा. नवीन कुत्रा थेट आत घ्यायचा नाही. तो ओसरीवर, आतली मंडळी जाळीच्या पलीकडे, दोघांनी एकमेकांना बघायचं, हुंगायचं. तोपर्यंत मालकाला खुर्ची, बशीत पोहे, आणि विहीणबाईंचे प्रश्न. "नाव काय? खाणंपिणं काय? रागीट आहे का? आधी कोणाला चावलाय? खरं सांगा, लग्नात थोडं खोटं खपतं, इथे नाही." एकदा एक तरणाबांड गृहस्थ मोठा काळाभोर कुत्रा घेऊन आला, गळ्यात साखळी. साखळी कुत्र्याच्या, आणि एक त्याच्याही. कुत्र्याला दर मिनिटाला हिसका द्यायचा, दम द्यायचा. पोहे संपल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे. पण घराणं तापट आहे." तो म्हणाला, "म्हणजे?" "म्हणजे आठवडाभर तुम्ही एकटेच या. कुत्रा नको. नुसतं बसा." आम्हाला वाटलं हा आता हाणामारी करतो. तो पाय आपटत गेला. दुसऱ्या दिवशी आला आणि कोपऱ्यात बसून राहिला. आठवडाभर आला, हात मांडीवर ठेवून. मग कुत्र्याला आणलं, तेव्हा साखळी दोघांच्याही गळ्यात नव्हती. तो काळा आता सगळ्यात गरीब आहे, पिल्लं त्याच्या अंगावर चढतात.

विहीणबाईंच्या स्वतःच्या कुत्रीचं नाव राणी. शेपर्डची मिसळ, तोंडावर पांढरे केस आलेली. तिच्याशी आणि सगळ्याच कुत्र्यांशी त्या हिंदीत बोलायच्या. "चलो, हटो, बदमाश कहीं का!" मी विचारलं, हिंदीत का? म्हणाल्या, "कॅम्पात असंच बोलतात. मराठीत बोललं की कुत्रं लाडावतं." मी पाव्हण्याशी मराठीतच बोलतो, आणि तो लाडावलेला आहे, हे कबूल करावं लागतं. आत सोडताना मात्र पहिला मान पाव्हण्याचा असायचा. राणी मागे. मी म्हणायचो, "अहो, तुम्ही मुलाकडच्या. मान तुमचा." तर म्हणायच्या, "तो सुनेच्या माहेरचा आहे. घरी जाऊन काही सांगितलं म्हणजे?" कोणाला सांगणार तो? घरी मी एकटा. पण हे त्यांनाही माहीत होतं, म्हणूनच म्हणायच्या.

माझ्या बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "आमच्या विहीणबाई" असं म्हणायच्या, आणि पदर सारखा करायच्या. माझं मन भरून यायचं तेव्हा त्यांना कसं कळायचं देव जाणे. समजूत घालायला त्या कधी आल्या नाहीत. एकदा मी जाळी धरून उगाच उभा होतो, तर मागून म्हणाल्या, "व्याही, रडायचं असेल तर स्टेजमागे जा. राणी आहे तिकडे. ती कोणाला सांगत नाही." मी गेलो. राणी होती. तिने कोणाला सांगितलं नाही. परत आलो तर विहीणबाईंनी माझ्या हातात फावडं दिलं आणि म्हणाल्या, "आता ती घाण उचला, साहेबांच्या लॅब्राडोरची. साहेब बघत नाहीत असं दाखवतायत." असं त्यांचं सांत्वन. पण मला तेवढंच पचायचं.

त्या शेवटच्या संध्याकाळी गोखरू वेचून झाल्यावर आम्ही दोघं तसेच गवतावर बसून राहिलो, कारण उठवायला कोणीतरी येईपर्यंत थांबणं भाग होतं. त्यांना बसल्याबसल्याच दम लागला होता. म्हणाल्या, "मी नसले तर सकाळी दार कोण उघडणार?"

मी म्हटलं, "उघडेल कोणीतरी."

"कोणीतरी नावाचा माणूस आपल्यात नाही, व्याही. पाणीवाले आठला उठतात. साहेबांना कुलूप उघडायचं म्हटलं की ते आधी ठराव मांडतात. शेठच्या पोराचा फोन परवा पुन्हा आला होता."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं. मला लोकांशी बोलता येत नाही."

"दाराशी काय बोलायचंय?"

तेवढ्यात जावई घ्यायला आले, त्यांनी आम्हाला एकेक करून उठवलं, आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

पहाटे त्या झोपेतच गेल्या. राणी पलंगाखालीच होती, तिलासुद्धा कळलं नाही, असं लेक म्हणाली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. स्मशानात आमचे सगळे कुत्रेवाले आले होते. तिथेच, नळावर हातपाय धुताना, त्यांनी ठरवलं की बाईंच्या मानाखातर लॉन तीन दिवस बंद ठेवायचं. साहेबांनी ग्रुपवर टाकलंही, समईच्या चित्रासकट. सगळ्यांचे डोळे ओले होते, मन चांगलं होतं, आणि बाईंनी जे एवढी वर्षं होऊ दिलं नाही तेच हे लोक बाईंच्या मानाखातर करायला निघाले होते. शेठही आले होते. हात जोडून म्हणाले, "बाईंनी शब्द पाळला. आजचं कुलूप मी मोजत नाही. आता बघू." त्या "आता बघू"चा अर्थ मला कळला. टेम्पो चालवून एवढं तरी कळतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाव्हण्याला घेऊन लेकीच्या घरी गेलो. पाहुणे उठलेले होते, राख सावडायला गंगेवर निघायची तयारी चालली होती. व्याह्याने तिथे असायलाच पाहिजे, ही रीत मला कोणी शिकवायला नको. जावयांच्या आत्या म्हणाल्या, "बरं झालं इवाई वेळेवर आले." मी म्हटलं, "मी मागून येतो. तुम्ही पुढं व्हा." आत्यांनी तोंडाला पदर लावला. मागच्या दारी राणी बांधलेली होती, सुतकाच्या घरात कुत्रं मध्ये नको म्हणून. मी तिला सोडलं. मागून आवाज आला, "अगं बाई, हा माणूस राखेला यायचं सोडून कुत्री फिरवायला चालला!" लेक आत गेली, खुंटीवरची लॉनची किल्ली आणली आणि माझ्या मुठीत ठेवली. तिचा हात तिच्या आईसारखा गरम असतो.

दोन्ही दारं उघडली. पाण्याची घमेली धुऊन भरली. समोरच्या गॅलरीतून साहेब ओरडले, "अहो, बंद आहे! ग्रुपवर टाकलंय!" मी म्हटलं, "मी ग्रुप वाचत नाही. खाली या." ते पायजम्यावरच आले, लॅब्राडोरला घेऊन. मग एकेक आले. पण आत कोणी जाईना. सगळे फाटकाबाहेर चपला काढून, कुत्र्यांचे पट्टे धरून, मान खाली घालून उभे, देवळात उभे राहतात तसे. कुत्री बिचारी कळवळत होती. मला भाषण येत नाही. मी म्हटलं, "पट्टे काढा. आणि चपला घाला, पायात काटे जातील." मग हसले कोणीतरी, रडलेही कोणीतरी, आणि कुत्री सुटली.

शेठ रस्त्याने आले, नेहमीसारखे, काठी टेकत. फाटकापाशी थांबले. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"चालू?"

"चालू."

"आजसुद्धा?"

"उद्यासुद्धा. मी हाय."

शेठनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि पुढे गेले. पोराला ते काय म्हणाले मला माहीत नाही. रस्ता मात्र त्यांनी बदलला नाही.

साहेबांना दारात खुर्ची टाकून बसवलं, कोणी नवीन आलं तर ओसरीवरच थांबवा म्हणून बजावलं, आणि रिक्षा करून गंगेवर गेलो. मी पोचलो तेव्हा आमची माणसं निघून गेली होती. राख पाण्यात जाऊन पाणी पुन्हा निवळलं होतं. चार बायका कपडे धूत होत्या. खालच्या पायरीवर बसलो, पाय पाण्यात सोडले. आजूबाजूला ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून बायकोला म्हटलं, "तुझ्या विहीणबाई निघाल्यात. त्यांना नीट बसव. चहात साखर मागतील, देऊ नको, डॉक्टरनं बंद केलीय." आणखी थोडा वेळ बसलो असतो. पण नऊला कुत्री घरी जातात, आणि दार लावायला मीच होतो.